फोटो काढू का?

(परक्या मुलुखात राहणारा माणूस तिथल्या लोकांचे फोटो काढतो. फोटो काढणारा निघून जातो. फोटो मात्र दूरदूर फिरतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. अशा फोटोतल्या माणसाविषयी लेखकाने या पाठात आपले अनुभव आणि काही जुन्या गोष्टी सांगितल्या आहेत.)

सांताक्रूझ स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडले की रिक्षांची रांग लागते. १९९८ सालची गोष्ट. मे महिना संपत आला होता. रिक्षांच्या रांगेच्या कडेला, भिंतीच्या आडोशाला एक छत्रीवाला बसला होता. तो छत्र्या विकत नसे, दुरुस्त करीत असे. समोर गोणपाट अंथरलेले. त्यावर मोडक्या छत्र्यांच्या काड्या, मुठी, तारा आणि एक लहानशी पक्कड. पहिला पाऊस पडला की त्याच्यापुढे लोकांची झुंबड उडे. मे महिन्यात मात्र त्याला वेळच वेळ असे.

मी माझी छत्री त्याच्याकडे दिली आणि उभा राहिलो. तेवढ्यात एक परदेशी तरुण आला. त्याच्या गळ्यात मोठा कॅमेरा होता. विमानतळ जवळ असल्यामुळे आमच्या भागात परदेशी माणसाचे कोणाला नवल वाटत नाही. तो तरुण दोन पावले मागे सरला, गुडघ्यावर बसला आणि त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. छत्रीवाल्याने झटकन हाताचा पंजा चेहऱ्यासमोर धरला. तरीही तरुणाने बटण दाबले. मग हसून मान डोलावली आणि तो जिना चढून निघून गेला.

"चाचा, फोटो काढलेला तुम्हांला आवडत नाही का?" मी विचारले.

"आवडतो की!" चाचा म्हणाले. "पण विचारले असते, तर टोपी तरी नीट घातली असती. हा कचरा बाजूला केला असता. आता त्याच्या देशातले लोक माझा पंजा बघत बसतील."

मला हसू आले. पण लगेच थोडी लाजही वाटली. कारण त्या तरुणाच्या जागी कधीकाळी मीही होतो.

त्याआधी काही वर्षे मी ओमान देशाच्या मस्कत शहरात हिशेबनिसाची नोकरी करीत होतो. आपल्या भागातल्या कितीतरी घरांतले कोणी ना कोणी आखाती देशांत नोकरीला असते, तसाच मी. शुक्रवारी सुट्टी असे. घरची आठवण येऊ नये म्हणून मी कॅमेरा घेऊन मत्रा भागात जाई. मत्रा हे मस्कतचे जुने बंदर. सकाळी तिथे मासळी उतरते. ताजी सुरमई पाहिली की मला जुहूचा कोळीवाडा आठवे आणि घर विसरण्याचा बेत तिथेच फसे. बंदरासमोर जुना बाजार आहे. त्याच्या गल्ल्या अरुंद आणि वरून झाकलेल्या. त्यांत लोबानचा वास दरवळत असतो. चांदीच्या मुठीचे खंजीर, खजूर, हलवा, कापड अशी दुकाने. पुरुषांच्या अंगात पांढरा लांब झगा आणि डोक्यावर नक्षीची गोल टोपी. तिला तिथे कुम्मा म्हणतात.

अशा जागी कोणाचाही हात कॅमेऱ्याकडे जाईल. पण मी भित्रा. लोकांना विचारायचे धाडस होईना. म्हणून मी दुरून, खांबाआडून फोटो काढू लागलो. एकदा हलव्याच्या दुकानात बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला पाहिले. ते रागावले नाहीत, ओरडले नाहीत. बोट वर करून एकच शब्द म्हणाले, "ला."

'ला' म्हणजे 'नाही'. उर्दू शिकणाऱ्या तुम्हांला हा शब्द नवा नाही. 'लाजवाब', 'लाइलाज', 'लावारिस' या शब्दांच्या आरंभी तोच 'ला' बसलेला आहे. मला मात्र तो त्या दिवशी प्रथमच नीट समजला. मी कॅमेरा पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातल्या एका ओमानी सहकाऱ्याला मी हा प्रसंग सांगितला. तो म्हणाला, "अरे, आधी विचार ना! 'मुम्किन सूरा?' एवढे म्हटले की पुरे." 'मुम्किन' म्हणजे शक्य आहे का, आणि 'सूरा' म्हणजे चित्र किंवा फोटो. हे दोन शब्द तुम्ही मुंबईतच ओळखाल. उर्दूत आपण 'मुमकिन' म्हणतो आणि चेहऱ्याला 'सूरत' म्हणतो. त्याच कुळातला आणखी एक शब्द 'तस्वीर'. तो मराठीत आला आणि 'तसबीर' झाला. आजोबांची तसबीर भिंतीवर टांगली आहे, असे मराठी माणूस म्हणतो, तेव्हा त्याच्या तोंडी अरबी शब्दच असतो.

त्यानंतर मी विचारू लागलो. काही जण 'ला' म्हणत. मी 'शुक्रन' म्हणून पुढे जाई. स्त्रियांकडे मी कॅमेरा वळवला नाही. पण आश्चर्य असे, की पुष्कळ लोक 'हो' म्हणत. 'हो' म्हटले की ते लगेच बदलत. पाठ ताठ होई, टोपी सारखी केली जाई, हसू मावळून जाई. फोटो काढणारे लोक यालाच कंटाळतात. विचारले की चेहऱ्यावरचा सहजपणा जातो, असे ते सांगतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण मला वाटते, टोपी सारखी करणारा हात हाही त्या माणसाचाच असतो. आपण जगाला कसे दिसावे, हे तो त्या हाताने सांगत असतो. आणि सहजपणा हवाच असेल, तर घाई करू नये. पहिला फोटो काढावा, थोडे बोलावे, चहा प्यावा. दुसऱ्या-तिसऱ्या फोटोपर्यंत माणूस पुन्हा आपल्या जागी येऊन बसतो.

तेव्हा फोनमध्ये कॅमेरा नव्हता. छत्तीस फोटोंचा रोल घालावा लागे. तो धुऊन आला की मी प्रती करून पुढच्या शुक्रवारी ज्याच्या त्याला नेऊन देई. एक प्रत मात्र राहिली. बाजारात गाडा ओढणाऱ्या एका हमालाचा मी फोटो काढला होता. घामाने चमकणारा चेहरा आणि थेट माझ्याकडे पाहणारे डोळे. मी काढलेल्या सगळ्या फोटोंत तो सर्वांत चांगला. प्रत घेऊन गेलो, तेव्हा तो माणूस तिथे नव्हता. पुढच्या शुक्रवारीही नव्हता. कोणाकडे चौकशी करावी, तर मला त्याचे नावच माहीत नव्हते. मी विचारलेच नव्हते. फोटोच्या पाठीवर मी पेन्सिलीने लिहून ठेवले होते : 'हमाल, मत्रा बाजार.' तो फोटो अजून माझ्याकडे आहे.

माझ्यासारखीच चूक फार मोठ्या प्रमाणावर याच मुंबईत एकदा घडली होती. तिची हकिकत सांगतो.

विल्यम जॉन्सन नावाचा एक इंग्रज १८४८ च्या सुमारास मुंबईत आला. तो कारकून होता. छायाचित्रणाची कला तेव्हा अगदी नवी होती. युरोपात ती जाहीर होऊन जेमतेम दहा वर्षे झाली होती. जॉन्सनला तिचा नाद लागला आणि काही वर्षांत त्याने मुंबईत स्वतःचा स्टुडिओ उघडला. १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची एक संस्था स्थापन झाली. ती स्थापन करणाऱ्यांत जॉन्सन होता. या संस्थेत केवळ इंग्रज नव्हते. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही तिचे सभासद होते. ज्यांचे नाव भायखळ्याच्या संग्रहालयाला दिले आहे, तेच हे भाऊ दाजी. त्यांचे बंधू नारायण दाजी स्वतः फोटो काढीत.

तेव्हाचे फोटो काढणे म्हणजे मोठा व्याप असे. काचेवर एक चिकट रसायन पसरायचे, काच ओली असतानाच ती कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्यापूर्वी अंधारात धुवायची. समोरच्या माणसाने काही सेकंद तरी पुतळ्यासारखे स्तब्ध राहायचे. मान हलली की चेहरा पुसट झालाच.

मुंबईत तेव्हा देशोदेशीचे आणि नाना जातीजमातींचे लोक राहत. जॉन्सनने त्यांचे फोटो काढले आणि पुढे लंडनमध्ये दोन खंडांचे पुस्तक प्रसिद्ध केले. पहिला खंड १८६३ साली निघाला. त्यात मुख्यतः गुजरात, कच्छ आणि काठेवाडकडचे लोक होते. दुसरा खंड १८६६ साली निघाला. त्यात महाराष्ट्रातले लोक होते. प्रत्येक फोटोबरोबर त्या लोकांविषयी माहितीचा मजकूर होता. मेमण, बोहरी, पारशी, भाटिया, प्रभू अशी मुंबईची मंडळी त्यात आहेत. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी आपले पूर्वज कोणती पगडी बांधत, जोडे कसे घालत, हे पाहायचे असेल, तर या पुस्तकासारखे दुसरे साधन विरळाच.

पण त्यात एक गंमत आहे. फोटोत माणसांमागे कुठे इमारत दिसते, तर कुठे मोकळी जागा. वाटते, की जॉन्सनने रस्त्यात उभे राहून हे फोटो काढले. खरे तसे नाही. माणसांचे फोटो वेगळे काढलेले आणि जागांचे वेगळे. दोन्ही जोडून एक चित्र तयार केले आहे. म्हणजे फोटोतली माणसे ज्या जागी उभी दिसतात, त्या जागी ती उभी नव्हतीच!

या जोडकामाचा मला राग येत नाही. त्या काळी भर रस्त्यात कोणाला स्तब्ध उभे करणे सोपे नव्हते. मला खटकते ते दुसरेच. बहुतेक चित्रांखाली जातीचे, जमातीचे किंवा धंद्याचे नाव आहे. माणसाचे नाव नाही. समोर उभ्या असलेल्या माणसाला जॉन्सनने नाव विचारलेही असेल. पुस्तकात मात्र ते उतरले नाही. जणू एक माणूस पाहिला, की ती सगळी जमात पाहून झाली! आज त्या माणसांच्या पणतवंडांनी ते पुस्तक उघडले, तरी 'हे आमचे पणजोबा' असे त्यांना कसे कळणार?

जॉन्सनच्या पुस्तकानंतर दोनच वर्षांनी इंग्रज सरकारने याहून मोठे काम बाहेर काढले. 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाचे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात प्रसिद्ध झाले. त्यांत हिंदुस्थानभरच्या लोकांचे साडेचारशेहून अधिक फोटो होते. हे पुस्तक आपल्या माणसांना कसे दिसले? याचे उत्तर एका थोर माणसाच्या पत्रातून मिळते. ते म्हणजे सर सय्यद अहमद खान.

सर सय्यद यांचे नाव तुम्ही उर्दूच्या तासाला अनेकदा ऐकले असेल. १८६९ साली ते मुंबईहून जहाजात बसून लंडनला गेले. त्यांचे पुत्र हामिद आणि महमूद त्यांच्याबरोबर होते. इंग्रजांची शिक्षणपद्धती जवळून पाहावी, हा सर सय्यद यांच्या प्रवासाचा एक हेतू होता. एके दिवशी ते तिघे लंडनच्या इंडिया ऑफिसमध्ये गेले. हिंदुस्थानचा कारभार तिथून चाले. तिथे हे पुस्तक ठेवलेले होते. महमूद ते चाळू लागले. तेवढ्यात एक इंग्रज तरुण जवळ आला. थोड्या वेळाने त्याने महमूदना विचारले, "आपण हिंदुस्थानी का?" महमूद 'हो' म्हणाले, पण त्यांचा चेहरा लाल झाला. मी इथल्या मूळ रहिवाशांपैकी नाही, माझे पूर्वज दुसऱ्या देशातून आले होते, असे त्यांनी घाईघाईने सांगितले.

ही हकिकत सर सय्यद यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. हिंदुस्थानात नोकरीला जाणारे तरुण इंग्रज आधी हे पुस्तक पाहतात. ही चित्रे पाहून त्यांच्या मनात आपल्या देशाविषयी कोणता आदर उरणार, अशी त्यांची खंत होती.

मी हा प्रसंग अनेकदा वाचला आहे. महमूदचा संकोच मला समजतो. परक्या शहरात, परक्या माणसासमोर ते एकटे होते आणि पुस्तकातली चित्रे जणू त्यांच्याकडेच बोट दाखवत होती. पण त्यांचे उत्तर मला पटत नाही. 'मी त्यांच्यातला नाही' असे म्हटल्याने त्या चित्रातल्या माणसांचे काय झाले? ती आणखीच एकटी पडली. डोंगरात राहणाऱ्या, कमी कपडे घालणाऱ्या त्या माणसांनाही नाव होते, घर होते, मुलेबाळे होती. चित्रे काढताना हे कोणी विचारले नाही. त्यामुळे ती चित्रे पाहणाऱ्यालाही ते दिसले नाही.

आता अलीकडच्या काळातली एक गोष्ट सांगतो. सेबास्तियाओ सालगादो हे ब्राझील देशाचे छायाचित्रकार. १९६९ साली त्यांना आपला देश सोडावा लागला आणि ते पॅरिसमध्ये राहू लागले. ते मूळचे अर्थशास्त्रज्ञ; कॅमेरा पुढे हाती आला. २०२५ साली त्यांचे निधन झाले. घरदार सोडून दुसरीकडे जाणाऱ्या लोकांचे फोटो काढत ते अनेक देशांत हिंडले. १९९५ साली ते मुंबईत आले होते. चर्चगेट स्टेशनचा त्यांचा फोटो जगभर गाजला. सांताक्रूझहून आपण जी लोकल पकडतो, तिचाच हा शेवटचा थांबा. फोटोत दोन गाड्या उभ्या आहेत आणि फलाटांवर माणसांचा पूर वाहतो आहे. कॅमेऱ्याचे झाकण जास्त वेळ उघडे ठेवल्यामुळे चालणारी माणसे धुरासारखी पुसट झाली आहेत. त्यात चेहरा असा एकही ओळखू येत नाही. आपल्याला रोज जी गर्दी सोसावी लागते, ती तशीच त्या फोटोत उतरली आहे.

पण मला त्यांचे दुसरे काम जास्त आवडते. निर्वासितांच्या छावण्यांत ते जात, तेव्हा मुलांचा घोळका त्यांच्याभोवती जमे. मुले कॅमेऱ्यासमोर उड्या मारत, हसत, ढकलाढकली करत. काम करणे अशक्य होई. तेव्हा सालगादो यांनी एक तोड काढली. ते मुलांना म्हणत, "मी प्रत्येकाचा एकेक फोटो काढतो. मग मला माझे काम करू द्या." मुले एकेक करून पुढे येत. घोळक्यात दंगा करणारे मूल एकटे उभे राहिले की गंभीर होई. कसे उभे राहायचे, हात कुठे ठेवायचा, हे त्याचे तेच ठरवी. या फोटोंचेही २००० साली एक पुस्तक झाले. त्यातली मुले तुमच्यापेक्षा लहान किंवा तुमच्याएवढीच आहेत. त्यांची नजर चुकवता येत नाही.

चाचांची हकिकत राहिली.

पाऊस लांबला होता. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी कॅमेरा घेऊन स्टेशनवर गेलो.

"चाचा, फोटो काढू का?"

"आज नको," ते म्हणाले. "उद्या या."

दुसऱ्या दिवशी गेलो, तर चाचांनी धुतलेला कुडता आणि पांढरी स्वच्छ टोपी घातली होती. काड्या एका बाजूला, मुठी एका बाजूला, अशी सगळी मांडणी केली होती. एक काळी मोठी छत्री दुरुस्त करून त्यांनी बाजूला ठेवली होती. ती उघडून त्यांनी हातात धरली. म्हणाले, "हिची एकही काडी मूळची नाही. सगळ्या मी घातल्या. ही नीट दिसू द्या." मी तीन फोटो काढले. तिसऱ्यात ते किंचित हसले आहेत.

आठवड्याने प्रत घेऊन गेलो. शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. चाचांभोवती छत्र्या घेऊन पाच-सहा माणसे उभी होती. चाचांनी हात पुसले, फोटो घेतला आणि बराच वेळ पाहिला. मग उलटा केला.

"मागे कोरेच आहे की!"

"काय लिहू?" मी विचारले.

"नाव लिहा. धंदा लिहिला नाही तरी चालेल. छत्री दिसतेच आहे."

त्यांनी आपले नाव सांगितले, वडिलांचे सांगितले, गावाचे सांगितले. मी मराठीत लिहिले. त्यांनी ते पाहिले आणि म्हणाले, "फोटो गावी पाठवायचा आहे. तिथे हे कोण वाचणार? उर्दूत पण लिहा."

मला उर्दू लिहिता येत नाही. तसे सांगताना मी ओशाळलो. इतकी वर्षे उर्दू बोलणाऱ्यांच्या शेजारी राहिलो, पण अक्षर शिकलो नाही. शेजारी एक मुलगा तुटक्या काडीची छत्री घेऊन उभा होता. त्याच्या पाठीवर दप्तर होते. "मी लिहू का?" त्याने विचारले. मी पेन त्याच्या हातात दिले. त्याने दप्तर गुडघ्यावर घेतले, त्यावर फोटो ठेवला आणि माझ्या ओळीखाली उजवीकडून लिहायला सुरुवात केली. चाचा मान वाकडी करून एकेक अक्षर निरखत होते. लिहून झाल्यावर त्याने फोटो चाचांना दिला, पेन मला दिले आणि आपली छत्री पुढे केली.

शब्दार्थ

मुलूख – प्रदेश, देश
आडोसा – आड, आसरा
झुंबड – मोठी गर्दी
लाज – शरम
हिशेबनीस – हिशेब लिहिणारा
तसबीर – चौकटीत बसवलेले चित्र
व्याप – खटाटोप
स्तब्ध – न हलता
खंड – मोठ्या पुस्तकाचा भाग, जिल्द
संग्रहालय – अजायबघर
संकोच – अवघडल्यासारखे वाटणे
खंत – मनाला लागलेले दुःख
निर्वासित – घरदार सोडावे लागलेला माणूस
तोड – उपाय
ओशाळणे – शरमिंदा होणे
निरखणे – बारकाईने पाहणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) छत्रीवाल्याने चेहऱ्यासमोर काय धरले?
(आ) जॉन्सनच्या पुस्तकाचे दोन खंड कोणत्या साली प्रसिद्ध झाले?
(इ) सर सय्यद यांच्याबरोबर लंडनला कोण कोण गेले होते?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) लेखकाला हमालाच्या फोटोची प्रत देता आली नाही.
(आ) इंडिया ऑफिसमध्ये महमूद यांचा चेहरा लाल झाला.

प्र. ३. 'विचारून फोटो काढला की सहजपणा जातो.' यावर लेखकाचे मत काय आहे? तुम्हांला ते पटते का? पाच-सहा ओळी लिहा.

प्र. ४. 'मुमकिन', 'हमाल', 'तस्वीर' यांसारखे मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत चालणारे दहा शब्द पाठातून किंवा घरातल्या बोलण्यातून शोधा. मराठीत त्यांचा उच्चार किंवा अर्थ बदलला असल्यास तो लिहा.

प्र. ५. उपक्रम : तुमच्या वस्तीतल्या एका कारागिराला विचारून त्याचा फोटो किंवा चित्र काढा. त्याच्या परवानगीने त्याचे नाव, गाव आणि कामाविषयी त्याने सांगितलेली एक गोष्ट मागे लिहा. एक प्रत त्याला द्या.